विमानाचे रंगलेपन व पृष्ठसंस्करण : शास्त्र आणि व्यवसाय

विमानाचे रंगकाम म्हटले की सामान्यतः डोळ्यांपुढे येते ती विमान-कंपनीची मुद्रा, शेपटावरील चित्र आणि शुभ्र अंगावरील पट्टे. रंग म्हणजे शोभा आणि शोभेचे काम म्हणजे रंगाऱ्याचे काम, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. या समजुतीमुळेच रसायनशास्त्राचा अथवा धातुशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी या क्षेत्राकडे सहसा वळून पाहत नाही. वस्तुतः जो रंग डोळ्यांना दिसतो तो या कामाचा सर्वांत लहान भाग होय. खरे काम रंगाच्या खाली, धातू आणि लेप यांच्या सीमेवर चालते. ते नीट झाले की नाही हे रंगविण्याच्या दिवशी कळत नाही, ते काही वर्षांनी कळते. हे काम कोणते, त्यात काय पणास लागलेले असते, आणि नागपूरसारख्या ठिकाणी शिकणाऱ्या विद्यार्थ्यास त्यात कोणता मार्ग मोकळा आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कापडापासून धातूपर्यंत

आरंभीच्या विमानांस धातूची त्वचा नव्हती. १९३२ मध्ये जे. आर. डी. टाटा यांनी कराची ते मुंबई टपाल आणले ते पस मॉथ जातीचे विमान कापडाने मढविलेले होते. अशा कापडावर सेल्युलोजच्या संयुगाचा जो द्राव चढवीत त्यास ‘डोप’ म्हणत. वाळताना तो कापडास ताणून नगाऱ्याच्या कातड्याप्रमाणे घट्ट करी, आणि त्यात घातलेली ॲल्युमिनियमची भुकटी सूर्याच्या अतिनील किरणांपासून कापडाचे रक्षण करी. म्हणजे रंगलेप हा त्या काळीही शोभेचा भाग नव्हता. तो विमानाच्या बांधणीचाच एक घटक होता.

पुढे धातूची विमाने आली. आल्फ्रेड विल्म या जर्मन धातुशास्त्रज्ञास १९०६ मध्ये असे आढळले की, ॲल्युमिनियममध्ये थोडे तांबे व मॅग्नेशियम मिसळून ते तापवून एकदम थंड केले असता काही दिवसांत आपोआप कठीण होत जाते. या शोधातून विमानाचा धातू जन्मास आला. १९४९ मध्ये देशाच्या चार दिशांकडून येणारी रात्रीची टपाल-विमाने नागपुरास सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येऊ लागली. त्या सेवेतील डकोटा विमानांची त्वचा याच कुळातील मिश्रधातूची होती.

तांबे घातल्याने धातूला बळ आले, पण त्याबरोबर एक दोषही आला. शुद्ध ॲल्युमिनियमवर हवेतील ऑक्सिजनमुळे ऑक्साइडचा पातळ पापुद्रा आपोआप बसतो आणि तो धातूचे रक्षण करतो. २०२४ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या मिश्रधातूत मात्र सुमारे ४.४ टक्के तांबे असते आणि ते सर्वत्र सारखे विखुरलेले नसते. ॲल्युमिनियम, तांबे व मॅग्नेशियम यांचे सूक्ष्म कण धातूच्या पोटात ठिकठिकाणी असतात. पाणी व क्षार यांचा स्पर्श होताच या कणांतील मॅग्नेशियम व ॲल्युमिनियम आधी विरघळते आणि तांब्याने समृद्ध असा सांगाडा मागे राहतो. हा सांगाडा ऋणाग्राचे कार्य करू लागतो, आणि भोवतालचा ॲल्युमिनियम धनाग्र होऊन झिजू लागतो. अशा रीतीने धातूच्या एका चौरस सेंटिमीटरवर असंख्य सूक्ष्म विद्युत्‌घट एकाच वेळी चालू होतात. विमानाची त्वचा काही ठिकाणी जेमतेम एक मिलिमीटर जाडीची असते हे ध्यानात घेतले म्हणजे या झिजेचे गांभीर्य कळून येते.

२८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा कंपनीच्या बोइंग ७३७ विमानाच्या छताचा मोठा भाग सुमारे २४,००० फुटांवर उडून गेला आणि एका विमानसेविकेस प्राण गमवावे लागले. पत्र्यांचे सांधे सुटणे, त्यांत क्षरण होणे आणि वारंवारच्या दाबामुळे रिव्हेटांच्या छिद्रांशी धातू थकून तडा जाणे, अशी ती कारणपरंपरा होती. या अपघातानंतर जुन्या विमानांच्या क्षरण-नियंत्रणाकडे जगभर अधिक काटेकोरपणे पाहिले जाऊ लागले. रंगलेपन हे या नियंत्रणाचे पहिले साधन आहे.

लेपाची रचना

विमानावरील लेप एकजिनसी नसतो, तो थरांचा बनलेला असतो. सर्वांत खाली रासायनिक संस्करणाचा थर असतो. भाग सुटा असताना त्यास विद्युत्‌-विच्छेदनाच्या हौदात बुडवून ऑक्साइडचा जाड थर देतात, यास ॲनोडायझिंग म्हणतात. जुळविलेल्या विमानास हौदात घालणे शक्य नसल्याने त्यावर क्रोमेटचा द्राव लावतात, अथवा झिर्कोनियम व सिलेन यांवर आधारलेला सोल-जेल थर देतात. या थरामुळे धातू व रंग यांची पकड जमते.

त्यावर अस्तराचा हात, म्हणजे प्राइमर, येतो. तो बहुधा इपॉक्सी राळेचा असून त्याची जाडी १५ ते २५ मायक्रॉन इतकीच ठेवतात. क्षरणरोधक रंगद्रव्य याच थरात असते. त्यावर पॉलियुरेथेनचा बाह्य लेप येतो. ऊन, पाऊस, इंधन व घर्षण यांस तोंड देणे हे याचे काम. विमानाच्या जलशक्तियंत्रणेत फॉस्फेट-एस्टर जातीचे जे तेल असते ते साधा रंग मऊ करून सोलून काढते. इपॉक्सी आणि पॉलियुरेथेन या दोन राळा त्यापुढे टिकतात, म्हणूनच विमान-उद्योगाने त्यांचा स्वीकार केला.

जाडीचा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. घराच्या भिंतीला एक हात अधिक दिला तर नुकसान होत नाही, उलट भिंत अधिक खुलते. विमानाचे तसे नाही. समजा, रंगवावयाचे पृष्ठ १,००० चौरस मीटर आहे, सर्व थर मिळून वाळलेल्या लेपाची जाडी १०० मायक्रॉन आहे आणि त्याची घनता १.४ आहे. या लेपाचे आकारमान १०० लिटर व वजन १४० किलो भरेल. आता रंगाऱ्याचा हात सर्वत्र केवळ २० मायक्रॉनने जड पडला, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या अंशमात्राने चूक झाली, तर २८ किलो अधिक वजन चढले. ते वजन पुढील रंगकामापर्यंत प्रत्येक उड्डाणात वाहून न्यावे लागते. शिवाय फाजील जाड लेप ठिसूळ होतो आणि रिव्हेटांभोवती तडकतो.

रंगाची छटा हीदेखील केवळ आवडीची बाब नाही. १९९६ मध्ये एका शीतपेयाच्या जाहिरातीसाठी काँकॉर्ड हे स्वनातीत विमान निळे रंगविण्यात आले. त्याचा नेहमीचा पांढरा रंग वायुघर्षणाने निर्माण होणारी उष्णता बाहेर फेकण्यासाठी योजिलेला होता. निळ्या रंगात ते पूर्ण वेगाने फार वेळ उडवू नये अशी मर्यादा घालावी लागली.

प्रत्यक्ष काम कसे चालते

प्रवासी विमान साधारणतः पाच ते आठ वर्षांनी पुन्हा रंगवितात. त्याचे टप्पे असे. प्रथम विमान धुऊन ज्या भागांस रसायन लागता कामा नये ते झाकतात. नंतर जुना रंग काढतात. यासाठी पूर्वी मेथिलीन क्लोराइड व फिनॉल यांचे मिश्रण सर्रास वापरीत. ते विषारी असल्याने आता बेन्झिल अल्कोहोलवर आधारलेली रसायने अधिक प्रचारात आहेत. रंग निघाल्यावर उघड्या धातूची तपासणी होते. क्षरण, तडे, जुन्या दुरुस्त्या हे सर्व या वेळी जितके स्पष्ट दिसते तितके एरवी कधीच दिसत नाही, म्हणून रंगकामाची वेळ ही परीक्षणाचीही वेळ असते.

त्यानंतर घासकाम होते. मग पृष्ठ द्रावकाने पुसतात. येथे एक साधा नियम आहे. एका ओल्या फडक्याने पुसावे आणि द्रावक उडून जाण्यापूर्वीच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. द्रावक आपोआप वाळू दिला तर विरघळलेले तेल पुन्हा जागच्या जागी पातळ पसरते आणि सफाई केल्याचा केवळ आभास होतो. पृष्ठ खरोखर स्वच्छ झाले की नाही हे पाहण्याची कसोटीही तितकीच साधी आहे. त्यावर पाण्याचा पातळ पडदा सोडावा. तो अखंड राहिला तर पृष्ठ स्वच्छ, जेथे फाटून थेंब झाले तेथे तेलकटपणा उरला. पृष्ठऊर्जेचा जो सिद्धांत आपण वर्गात शिकतो त्याचे याहून सोपे प्रात्यक्षिक क्वचितच सापडेल.

यानंतर संस्करण, अस्तर, बाह्य लेप व शेवटी अक्षरे आणि खुणा असा क्रम असतो. दोन थरांमधील वेळ उत्पादकाने ठरवून दिलेली असते. ती ओलांडल्यास खालचा थर पुरता कठीण होऊन वरचा त्यास धरत नाही. जाडी विद्युत्‌-उपकरणाने मोजतात, तकाकी ठराविक कोनातून मोजतात आणि पकड चौकटी पाडून चिकटपट्टीने ओढून पाहतात.

नागपूरच्या हवेत हे काम करणाऱ्यास आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे ऋतू. पॉलियुरेथेनमधील आयसोसायनेट हे पाण्याशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड सोडते. श्रावणातील दमट हवेत हा वायू लेपात बुडबुड्यांच्या रूपाने अडकून बसतो, आणि इपॉक्सीतील अमाइन पृष्ठावर येऊन चिकट, धुरकट साय धरते. उलट मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा द्रावक फवाऱ्यातच उडून जातो. रंगाचे थेंब पृष्ठावर पोचेपर्यंत अर्धवट वाळतात आणि नारिंगाच्या सालीसारखा खरखरीत लेप बसतो. म्हणूनच रंगशाळेचे तापमान व आर्द्रता यांचे नियंत्रण ही येथे चैन मानता येत नाही. पृष्ठाचे तापमान दवबिंदूच्या किमान ३ अंश वर असल्याखेरीज फवारणीस हात घालू नये, हा नियम सर्वत्र पाळला जातो.

चुकीची किंमत

या कामातील चुका दिसावयास क्षुल्लक असतात. त्यांचे परिणाम मात्र फार मोठे होऊ शकतात. तीन उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिले झाकण्यासंबंधी. विमानाच्या अंगावर बाहेरील हवेचा स्थिर दाब टिपणारी लहान छिद्रे असतात. उंची आणि वेग दाखविणारी उपकरणे त्यांवर अवलंबून असतात. धुताना अथवा रंगविताना ही छिद्रे चिकटपट्टीने झाकावी लागतात आणि काम होताच ती पट्टी काढावी लागते. २ ऑक्टोबर १९९६ रोजी पेरू देशातील लिमा येथून एरोपेरू कंपनीचे बोइंग ७५७ विमान रात्री निघाले. धुणे व पॉलिश करणे यांसाठी लावलेली पट्टी छिद्रांवर तशीच राहिली होती. वैमानिकांस उंची व वेग यांचा खरा पत्ता लागेना. विमान समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व ७० माणसे मृत्युमुखी पडली.

दुसरे खरवडण्यासंबंधी. जुना रंग, सांध्यातील लुकण अथवा चिकटविलेली अक्षरे काढताना धारदार पाते वापरल्यास धातूवर केसासारखी रेघ उमटते. पुढे तीवर रंग चढतो आणि रेघ दिसेनाशी होते. विमानाच्या प्रत्येक उड्डाणात अंतर्गत दाब चढतो व उतरतो आणि त्या रेघेच्या तळाशी ताण एकवटतो. हजारो उड्डाणांनंतर तेथे तडा सुरू होऊ शकतो. अशा रेघा अनेक विमानांवर आढळल्यानंतर त्यांच्या तपासणीचे आदेश काढावे लागले, आणि आता धातूच्या पात्यांऐवजी कठीण प्लॅस्टिकची साधने वापरण्याचा दंडक आहे.

तिसरे वजनासंबंधी. पंखांच्या व शेपटाच्या टोकाशी असलेले हलते भाग त्यांच्या बिजागरीभोवती तोललेले असतात. त्यांवर रंगाचा अधिक थर चढला की तोल बिघडतो, आणि विशिष्ट वेगास तो भाग फडफडू लागून तुटण्याचा संभव असतो. म्हणून असे भाग रंगविल्यानंतर त्यांचा तोल पुन्हा तपासणे आवश्यक असते.

तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. चूक करणारा माणूस कामावरून घरी गेला त्या वेळी विमान नवे व सुंदर दिसत होते. या व्यवसायाची नीती यातच आहे. जे कोणी पाहणार नाही ते काम, पाहिले जाणार आहे अशा बुद्धीने करावयाचे असते.

नवे पदार्थ, नवे प्रश्न

गेल्या दोन दशकांत विमानाची त्वचाच बदलू लागली आहे. बोइंग ७८७ या विमानाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग कार्बन-तंतूंच्या संमिश्र पदार्थाचा असतो, एअरबसच्या ए३५० मध्ये हे प्रमाण निम्म्याहून थोडे अधिक आहे. अशा त्वचेस ॲल्युमिनियमसारखे क्षरण नाही. परंतु ती वीज नीट वाहून नेत नाही, म्हणून विजेच्या आघातापासून रक्षणासाठी लेपाच्या खाली तांब्याची बारीक जाळी बसवावी लागते. येथून नवीच अडचण उत्पन्न होते. तापमान एक अंशाने वाढले असता तांबे सुमारे दशलक्षांश १७ इतके प्रसरण पावते, रंगाची राळ त्याच्या कित्येक पट, आणि कार्बन-तंतू आपल्या लांबीच्या दिशेत जवळजवळ मुळीच नाही. धावपट्टीवरील उन्हातून आकाशातील उणे ५० अंशांच्या थंडीत रोज ये-जा करणाऱ्या पृष्ठावर हे तीन पदार्थ एकमेकांस ओढीत राहतात.

या ओढाताणीचा प्रश्न पुढे न्यायालयापर्यंत गेला. ए३५० विमानांच्या पृष्ठावरील लेप तडकून सोलून निघतो व खालची जाळी उघडी पडते, अशी तक्रार कतार एअरवेजने केली. तिची २० हून अधिक विमाने जमिनीवर उभी राहिली आणि डिसेंबर २०२१ मध्ये लंडनच्या न्यायालयात दावा दाखल झाला. उड्डाणाच्या सुरक्षिततेस बाधा नाही असे युरोपीय नियामकाचे व निर्मात्याचे म्हणणे होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये उभयपक्षी समझोता होऊन प्रकरण मिटले. न्यायाचा भाग आपण बाजूस ठेवू. अभ्यासकाच्या दृष्टीने बोध असा की, एका मिलिमीटरच्या अंशाएवढ्या लेपावरून जगातील दोन बलाढ्य संस्था एकमेकींपुढे उभ्या ठाकल्या. रंग ही किरकोळ बाब आहे असे यापुढे कोणास म्हणता येणार नाही.

क्रोमेटचा पेच

या क्षेत्रातील सर्वांत मोठा संशोधनविषय अद्याप सुटलेला नाही. स्ट्रॉन्शियम क्रोमेट हे रंगद्रव्य अनेक दशके अस्तरात वापरले जात आहे. त्याचा गुण विलक्षण आहे. लेपावर ओरखडा पडून धातू उघडा झाला की ओलाव्याबरोबर षट्‌-संयुजी क्रोमियमचे आयन अस्तरातून झिरपतात, ओरखड्यापर्यंत पोचतात, तेथे क्षपण पावून त्रि-संयुजी ऑक्साइडचा पापुद्रा तयार करतात, आणि तांबेयुक्त कणांवरील विद्युत्‌-क्रिया बंद पाडतात. लेप जणू आपली जखम आपणच भरून काढतो.

परंतु हेच षट्‌-संयुजी क्रोमियम माणसास कर्करोगजनक आहे. घासकामाची धूळ व फवाऱ्याचे धुके या दोन्ही वाटांनी ते फुप्फुसांत जाते. अमेरिकेने २००६ मध्ये कामाच्या ठिकाणी त्याची मर्यादा हवेच्या एका घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम अशी ठरविली. मात्र विमाने व त्यांचे मोठे भाग रंगविण्याच्या कामात केवळ वायुवीजनादी योजनांनी ही पातळी गाठणे कठीण असल्याने तेथे त्या योजनांसाठी २५ मायक्रोग्रॅमची वेगळी अट घालावी लागली, आणि उरलेले रक्षण श्वसनसाधनांवर सोपविले गेले. युरोपीय संघाने जानेवारी २०१९ पासून स्ट्रॉन्शियम क्रोमेटच्या वापरास विशेष अनुज्ञेची अट लागू केली आहे. पॉलियुरेथेनमधील आयसोसायनेटमुळे दम्याचा विकार जडू शकतो, म्हणून फवारणी करणाऱ्यास बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा घालावा लागतो. तोंडावर रुमाल बांधून रंग मारण्याची आपल्याकडील सर्वसाधारण रीत येथे प्राणघातक ठरेल.

क्रोमेटऐवजी काय, या प्रश्नास आज अनेक उत्तरे सुचविली गेली आहेत. सीरियम व प्रासिओडिमियम यांसारख्या दुर्मिळ मृत्तिका-मूलद्रव्यांची संयुगे, लिथियमचे क्षार, मॅग्नेशियमच्या भुकटीने भरलेले अस्तर, त्रि-संयुजी क्रोमियमचे संस्करण, हे त्यांतील प्रमुख होत. प्रत्येकाचे काही गुण आहेत, पण सर्व मिश्रधातूंवर, सर्व सांध्यांत व सर्व हवामानांत क्रोमेटची बरोबरी करणारा एकच पदार्थ सापडलेला नाही. मिठाच्या फवाऱ्यात २,००० तास टिकण्याची जी कसोटी क्रोमेटचे अस्तर पार करते, तिने पर्यायांची कठोर परीक्षा घेतली आहे.

नागपूरची अनुकूलता

आता आपल्या दाराशी काय आहे ते पाहू. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी आपली संपत्ती उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठास दिली आणि तीतून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. पुढे २०२३ मध्ये तिचे स्वतंत्र विद्यापीठात रूपांतर झाले. तेल, रंग व पृष्ठलेपन यांचे शिक्षण देणाऱ्या देशातील मोजक्या संस्थांत तिची गणना होते. मुंबईची रासायनिक तंत्रज्ञान संस्था ही महाराष्ट्रातील अशीच आणखी एक. वाडी येथे ॲल्युमिनियमच्या संशोधनासाठी १९८९ मध्ये स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू केंद्र आहे. विश्वेश्वरय्या संस्थेत धातुशास्त्राचा विभाग आहे. १९५८ मध्ये स्थापन झालेली व आज नीरी या नावाने ओळखली जाणारी पर्यावरण-अभियांत्रिकीची संस्था याच नगरीत आहे. रंग काढताना निघणारे क्रोमियमयुक्त सांडपाणी आम्लावस्थेत क्षपण करून नंतर अल्कलीने साक्यात बसविणे आवश्यक असते, हे ध्यानात घेता या संस्थेचे साहचर्य मोलाचे ठरते.

विमानाची बाजूही तितकीच भक्कम आहे. भारतीय वायुसेनेच्या अनुरक्षण विभागाचे मुख्यालय नागपुरास आहे. मिहान क्षेत्रात बोइंगने एअर इंडियासाठी उभारलेले विमान-दुरुस्ती केंद्र २०१५ मध्ये कार्यान्वित झाले. टाटा समूहाच्या तेथील कारखान्यात बोइंग ७८७ च्या संमिश्र तुळया तयार झाल्या. दासो व रिलायन्स यांच्या संयुक्त प्रकल्पात फाल्कन २००० या जेट विमानाचे भाग बनू लागले, आणि जून २०२५ मध्ये ते विमान संपूर्ण येथेच जुळविण्याचा मनोदय जाहीर झाला. सुटा भाग अस्तर देऊन पाठविता येतो, परंतु पूर्ण विमान ग्राहकाच्या हाती द्यावयाचे तर ते पूर्ण रंगवूनच द्यावे लागते. तेव्हा या कौशल्याची गरज नागपुरास भासणार हे उघड आहे. राज्यात अन्यत्र पाहावयाचे तर नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना व वायुसेनेचा दुरुस्ती-डेपो आहे.

एका बाजूस रंगाचे शास्त्र, दुसऱ्या बाजूस विमान, आणि दोहोंमध्ये काही किलोमीटरांचे अंतर, अशी ही स्थिती आहे. हे अंतर ओलांडावयाचे कसे?

व्यवसायाचे तीन मार्ग

पहिला मार्ग कारागिराचा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून रंगकामाचा अथवा विमानरचनेच्या फिटरचा अभ्यासक्रम पुरा करून दुरुस्ती-केंद्रात उमेदवारी करावी. भारतात विमान रंगविणाऱ्यास स्वतंत्र सरकारी परवाना नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सी.ए.आर.-१४५ या नियमान्वये मान्य केलेली संस्था आपल्या कारागिरांस तपासून अधिकृत करते, आणि काम पुरे झाल्यावर विमान उड्डाणास सोडण्याची सही परवानाधारक अनुरक्षण-अभियंता करतो. या मार्गात हाताचे कसब प्रधान असले तरी रंगाचे माहितीपत्रक वाचणे, मिश्रणाचे प्रमाण व वेळ सांभाळणे आणि प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवणे यांवाचून निभाव लागत नाही.

दुसरा मार्ग अभियंत्याचा. पृष्ठलेपन-तंत्रज्ञानाचा पदवीधर रंगशाळेची प्रक्रिया आखणे, दर्जाची तपासणी, हवा व सांडपाणी यांचे नियंत्रण आणि कामगारांचे आरोग्य ही जबाबदारी घेऊ शकतो. रंग-उत्पादकांकडे तांत्रिक सल्लागार म्हणूनही त्यास स्थान असते. दुरुस्ती-केंद्रांत यंत्र-अभियंते पुष्कळ असतात. रंग का सोलला हे सांगणारा माणूस त्या मानाने विरळा.

तिसरा मार्ग संशोधकाचा, आणि या पत्रिकेच्या वाचकांशी त्याचा निकट संबंध आहे. क्रोमेटचा पर्याय, संमिश्र पदार्थांवरील पकड, रसायनाविना लेसरने रंग काढणे, शार्कच्या त्वचेप्रमाणे सूक्ष्म रेघा असलेली पृष्ठे, असे कितीतरी विषय आज मोकळे आहेत. शेवटच्या विषयात लुफ्तान्सा टेक्निक व बी.ए.एस.एफ. यांनी तयार केलेले पटल स्विस कंपनीच्या बोइंग ७७७ विमानांवर २०२२ पासून चढविले गेले, आणि त्यामुळे सुमारे एक टक्का इंधन वाचते असे त्यांचे म्हणणे आहे.

अशा कामास आरंभी मोठा खर्च लागतो असेही नाही. २०२४ मिश्रधातूच्या पट्ट्या घ्याव्यात. काहींवर क्रोमेटचे अस्तर, काहींवर सीरियमचे, काहींवर लिथियमचे द्यावे. प्रत्येकीवर एक ओरखडा ओढून त्या विभागाच्या गच्चीवर मांडाव्यात आणि तशाच पट्ट्या मुंबईच्या किनाऱ्यावर ठेवाव्यात. विद्युत्‌-रासायनिक प्रतिबाधा दर महिन्यास मोजावी. मिठाच्या फवाऱ्याची प्रमाण-कसोटी ३५ अंशांच्या स्थिर तापमानात घेतली जाते. वैशाखाचे ऊन, आषाढाची ओल आणि पौषाची थंडी एकाच वर्षात सोसलेला लेप काय सांगतो, हे त्या कसोटीतून कळत नाही. विदर्भाच्या हवेत उभ्या राहणाऱ्या विमानांसाठी ही माहिती आवश्यक आहे आणि ती मिळविण्यास येथील विद्यार्थ्याइतका सोयीचा माणूस दुसरा नाही. दोन-तीन वर्षांच्या अशा नोंदी घेऊन जो विद्यार्थी मिहानच्या फाटकाशी जाईल, तो नोकरी मागणारा उमेदवार म्हणून गेला तरी त्याच्याजवळ त्या केंद्रास उपयोगी पडेल असे काही निश्चित ज्ञान असेल.